साडेअडतीस गोळ्यांची नोंद

२०१३ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या एका मोठ्या, पूर्णपणे संगणकीकृत रुग्णालयात १६ वर्षांच्या मुलाला रात्री त्याच्या नेहमीच्या प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती. डॉक्टरांनी पडद्यावरच्या चौकटीत १६० हा आकडा भरला. मनात होतं १६० मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर एक गोळी. चौकटीशेजारचं एकक मात्र होतं ‘दर किलो वजनामागे मिलिग्रॅम’. मुलाचं वजन ३८.६ किलो. संगणकाने चोख गुणाकार केला आणि साडेअडतीस गोळ्यांची ऑर्डर तयार झाली.

डोस जास्त असल्याची सूचना पडद्यावर आली. पण अशा सूचना दिवसभर इतक्या येत असतात की हीदेखील इतरांसारखीच बंद केली गेली. औषध विभागातल्या यंत्रमानवाने गोळ्या अचूक मोजून पाकिटांत भरल्या. नर्सला एवढ्या गोळ्या पाहून शंका आली. तिने बारकोड स्कॅन केला, तर यंत्र म्हणालं, ऑर्डरप्रमाणे बरोबर आहे. मुलाने सगळ्या गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याला जोराची आकडी आली. सुदैवाने तो वाचला.

ही घटना मला वारंवार आठवते, कारण त्या रात्री एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं. आकडा आणि त्याचा अर्थ यांची ताटातूट झाली होती, एवढंच. पुढचं प्रत्येक यंत्र तो आकडा इमानेइतबारे पुढे नेत राहिलं.

म्हणून कागदाकडे परत जावं, असं मुळीच नाही. इन्सुलिनच्या ४ युनिटसाठी घाईत लिहिलेलं इंग्रजी ‘यू’ अक्षर शून्यासारखं दिसलं की चाराचे चाळीस होतात, आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांमुळे हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. बॉस्टनमधल्या एका रुग्णालयात बारकोडची पद्धत येण्याआधी आणि आल्यानंतर औषध देतानाच्या चुका निरीक्षकांनी उभं राहून मोजल्या. औषधाच्या वेळेच्या चुका सोडल्या, तर बाकीच्या चुकांचं प्रमाण ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आलं. डॉक्टरांची ऑर्डर दुसऱ्या कागदावर उतरवून घेताना होणाऱ्या चुका तर पूर्ण थांबल्या. २०१० साली ही पाहणी प्रसिद्ध झाली. तंत्र कामाचं आहे. प्रश्न आहे तो त्यात काय भरलं जातं आणि कसं, याचा.

साधी रक्तातली साखर घ्या. एक प्रयोगशाळा ती ९९ लिहिते, दुसरी ५.५. दोन्ही आकडे बरोबर आणि दोन्ही एकाच साखरेचे, फक्त एककं वेगळी. माणसाच्या हे लक्षात येतं. संगणकाला मात्र एकक, तपासणीची पद्धत, नमुना कशाचा, हे सगळं ठरलेल्या सांकेतिक भाषेत सांगावं लागतं. रोगांसाठी, तपासण्यांसाठी, औषधांसाठी अशा आंतरराष्ट्रीय संकेतांकांच्या याद्या आहेत. काम रुक्ष आहे, त्याचं कौतुक कुणी करत नाही. पण याच रुक्ष कामावर वैद्यकीय संशोधनाचा मोठा डोलारा उभा आहे.

तो किती उंच जाऊ शकतो हे कोविडच्या पहिल्या लाटेत दिसलं. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची, कोविडवर कोणते उपचार लागू पडतात हे तपासणारी चाचणी सुरू झाली. रुग्णालयं ओसंडून वाहत होती, डॉक्टरांना श्वास घ्यायला उसंत नव्हती. अशा वेळी चाचणीचे जाडजूड फॉर्म कोण भरणार? म्हणून ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांच्या चमूने फॉर्म अगदी थोडक्यात आटोपले. रुग्णाने संमती दिली की डॉक्टर संगणकावर थोडी माहिती भरत, आणि कोणत्या रुग्णाला कोणता उपचार हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवत असे. इथे डॉक्टरांची पसंती चालत नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे. नाही तर जास्त आजारी माणसालाच नवं औषध दिलं जातं, मग तो दगावला तर दोष औषधाचा की आजाराचा, हे कळत नाही. पुढे तो रुग्ण घरी गेला की मरण पावला, हे शोधायला राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या रोजच्या नोंदी होत्याच.

१०० दिवसांच्या आत उत्तरं हाती आली. ज्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर जगभर भिस्त ठेवली होती, त्याचा रुग्णालयातल्या रुग्णांना काहीच फायदा नाही, हे जूनच्या पहिल्या आठवड्यात कळलं. १६ जूनला दुसरी बातमी आली. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड २,१०४ रुग्णांना दिलं होतं, तर ४,३२१ जणांवर फक्त नेहमीचे उपचार झाले होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू या औषधाने सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवर असलेल्यांतले सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना लाभ दिसला नाही. हा तिसरा निष्कर्षही तितकाच मोलाचा, कारण कोणाला हे औषध देऊ नये तेही त्यातून समजलं.

याची दुसरी बाजू चटका लावणारी आहे. रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीवरचं औषध सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं, कारण त्याने हृदयविकाराचा धोका वाढत होता. नंतर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेदनाशामकं घेणाऱ्या सुमारे १४ लाख अमेरिकी रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या आणि धोका त्यांतही दिसला. त्या नोंदी होत्या १९९९ ते २००१ या वर्षांच्या. माहिती संगणकात होती, तिला वेळेत कुणी प्रश्न विचारला नव्हता.

प्रश्न विचारायचे म्हणजे लाखो लोकांचे केसपेपर कुणाच्या तरी हाती द्यायचे का? नावं काढून टाकली की झालं, असं पूर्वी वाटायचं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावं गाळून संशोधनासाठी खुल्या केल्या. लटान्या स्वीनी या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीने २० डॉलरला शहराची मतदारयादी विकत घेतली. राज्याच्या गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले त्या शहरात सहाच जण निघाले, त्यांतले तीन पुरुष, आणि गव्हर्नरांच्या पिनकोडचा एकच. त्यांच्या आजारपणाची कुंडली उघडी पडली.

मला सर्वांत आश्वासक वाटणारा मार्ग २०२० मध्येच ब्रिटनमध्ये उभा राहिला. त्याचं नाव ओपनसेफली. यात रुग्णांच्या नोंदी जिथे आहेत तिथून हलतच नाहीत. संशोधक आपला प्रोग्रॅम बनावट नोंदींवर तपासून पाहतो आणि पाठवून देतो. तो खऱ्या नोंदींवर आतच चालतो, बाहेर येतात ती फक्त एकत्रित आकड्यांची कोष्टकं. कोविडच्या मृत्यूंत वय, मधुमेह, लठ्ठपणा यांचा किती वाटा, हे या पद्धतीने १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून काढलं गेलं. त्यातला एकही केसपेपर संशोधकांनी उघडून वाचला नाही. आणि कुणी कोणता प्रोग्रॅम कधी चालवला, याची यादी कुणालाही पाहता येते.