पोलादी पिस्तूल खरंच मऊ चालतं का?

जळगाव-धुळ्याकडे लायसनवाले कुठे जमले, म्हणजे सराफ, बागायतदार, रिटायर्ड फौजी, आणि पिस्तुलाचा विषय निघाला की एक वाक्य येणारच, "जड शे, पन झटका कमी लागस." पोलादी फ्रेमचं पिस्तूल म्हणजे कंबरेला किलोभर ओझं, तरी ज्याच्याकडे आहे तो तारीफच करतो, आणि पॉलिमरवाल्याला प्लॅस्टिकचं खेळणं घेतलं म्हणून चिडवतो. प्लॅस्टिकचं हे तर साफ चूक आहे, कारण पॉलिमर पिस्तुलातही नळी आणि वरची मागेपुढे सरकणारी स्लाइड पोलादाचीच असते, फक्त खालची फ्रेम, जी आपण मुठीत धरतो, ती पॉलिमरची, आणि तिच्यातही स्लाइड जिथे घासते तिथे धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. म्हणजे भांडण सगळं फ्रेमचं आहे, तीनचारशे ग्रॅमचं.

आता झटका. 9 एमएमची गोळी साधारण 8 ग्रॅमची, नळीतून सुटते सेकंदाला 350 मीटरच्या आसपास. तिचा संवेग, म्हणजे किलोतलं वजन गुणिले वेग, झाला 2.8, त्यात जळलेल्या दारूचा गॅस पुढे जातो त्याचा थोडा मिळवा, 3.3 धरू. न्यूटनच्या हिशोबाने तेवढाच संवेग पिस्तुलाला मागे मिळणार, पिस्तूल पोलादाचं असो की कशाचंही, त्यात सूट नाही. फरक पडतो वेगात. 1.1 किलोचं पिस्तूल सेकंदाला 3 मीटरने मागे येतं, 700 ग्रॅमचं 4.7 मीटरने. आणि मनगटाला जी ऊर्जा पचवावी लागते ती पहिल्यात 5 ज्यूल, दुसऱ्यात जवळपास 8. म्हणजे जडवाले खोटं बोलत नाहीत, दीडपटीचा फरक आहे आणि तो हाताला कळतो. शिवाय नळी मनगटाच्या वर असते म्हणून तोंड वर उसळतं, तिथे फ्रेमचं पुढचं वजन कामी येतं, दुसरी गोळी लवकर नेमावर आणता येते.

पण भाऊ, हे सगळं 9 एमएमचं झालं. आपल्याकडे सामान्य माणसाला 9 एमएम आणि .45 लायसनवर मिळतच नाही, प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे नळीच्या त्या मापाला बंदी, मिळतं ते बहुतेक .32, त्याहून लहान मापाचं. तारीफ मात्र बाहेरून आलेली. फौजींनी आयुष्यभर बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याचं 9 एमएम 1ए पिस्तूल हाताळलं, जे मुळात 1935 च्या ब्राउनिंग हाय-पॉवरचंच भारतीय रूप, आणि बाकीच्यांनी चेक बनावटीच्या सीझेड 75 चे नाहीतर अमेरिकेच्या 1911 चे व्हिडिओ बघितले, तिन्ही पोलादी, आणि तिन्हींबद्दल लोक म्हणतात ते बरोबरच आहे.

.32 चा हिशोब मांडून बघा. गोळी साडेचार ग्रॅमची, वेग 280 च्या आसपास, गॅस धरून संवेग 1.45. पिस्तूल 700 ग्रॅमचं असेल तर ऊर्जा दीड ज्यूल, एक किलोचं असेल तर एक ज्यूल. अर्ध्या ज्यूलसाठी तीनशे ग्रॅम जास्तीचे दिवसभर कंबरेला बांधायचे, मला तर हा सौदा तोट्याचाच वाटतो. हां, .32 मध्ये वजनाचं दुसरं काम आहे. त्यातली बरीच पिस्तुलं साध्या ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे नळी आणि स्लाइड एकमेकांत लॉक होत नाहीत, गोळी बाहेर पडेपर्यंत काडतुसाचं बूड दाबून धरायला फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग. पण ते वजन स्लाइडचं, फ्रेमचं नाही. भुसावळजवळच्या वरणगावला तर लहान हत्यारांची काडतुसं बनवणारा सरकारी कारखानाच आहे, त्या भागातल्या माणसाला हे सांगायला गेलं तर तोच आपल्याला दोन गोष्टी जास्त सांगेल.

जड फ्रेमचा एक फायदा मात्र लोक कमी बोलून दाखवतात, ट्रिगरचा. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगर ओढूनच घोडा मागे जाऊन सुटतो अशा पिस्तुलात, पहिली गोळी मारताना बोटाने चार-पाच किलोचा जोर लावावा लागतो, हातातलं पिस्तूल त्याहून कितीतरी हलकं, मग ते हलणारच. जितकं जड तितकं कमी हलतं, आणि नेम चुकतो तो बहुतेक वेळा इथेच, झटका तर गोळी नळीतून गेल्यावर खऱ्या अर्थाने जाणवतो, कारण ती बाहेर पडते मिलिसेकंदाच्याही आत आणि तेवढ्यात हाताने काही करायचं म्हटलं तरी होत नाही.

वजन सोडून तक्रार विचाराल तर एकच, गंज. वरचा काळा-निळा रंग, ज्याला ब्लूइंग म्हणतात, तो रंग नसून लोखंडाच्याच ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, तेल धरून ठेवतो म्हणून उपयोगी, एकटा काही वाचवत नाही. मे महिन्यात भुसावळची चाळिशी-पंचेचाळिशी, घाम थांबत नाही, त्यातलं मीठ या थराच्या बारीक छिद्रांतून आत जातं. मुठीच्या पुढच्या बाजूला, जिथे मधलं बोट टेकतं तिथे, आणि ग्रिपच्या स्क्रूभोवती आधी मोहरीएवढे तपकिरी ठिपके येतात. चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवून दिलं तर आणखी लवकर, चामडं ओल धरून ठेवतं. आणि तेल जास्त झालं की काळ्या मातीची धूळ चिकटून स्लाइडच्या खाचेत घासणीची पेस्ट तयार होते, म्हणून पुसून पातळ हातच द्यायचा. निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करायची वेळ आली तर आधी घाम नीट पुसून, तेलाचा हात देऊन, होल्स्टर घरीच ठेवून द्या, कारण परत मिळेपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही.