आगमनकाळ : उपासापासून प्रतीक्षेपर्यंत

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी चर्चमध्ये आलेला नवखा माणूस थोडा गोंधळतो. नाताळ तोंडावर आलेला असतो, पण वाचनात ना बेथलेहेम, ना मेंढपाळ. शुभवर्तमानात येशू जगाच्या अंताविषयी बोलतो आणि जागे राहा म्हणून बजावतो. याचं कारण या काळाच्या जडणघडणीत आहे. आगमनकाळ कोणी एका दिवशी ठरवून सुरू केला नाही. वेगवेगळ्या प्रांतांतल्या दोन प्रथा शतकानुशतकं एकमेकींत मिसळत गेल्या.

सर्वात जुना धागा स्पेनमध्ये सापडतो. इ. स. 380 मध्ये सारागोसा इथे भरलेल्या बिशपांच्या सभेने ठराव केला की 17 डिसेंबरपासून 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (एपिफनी, ख्रिस्त जगापुढे प्रकट झाल्याचा सण), सलग एकवीस दिवस, कोणीही चर्च चुकवू नये. घरात दडून बसू नये, शेतावरच्या वाड्यात मुक्काम ठोकू नये, डोंगरात जाऊ नये, अनवाणी फिरू नये. शेवटच्या दोन अटी वाचल्या की लक्षात येतं, त्या काळी काही उत्साही मंडळी स्वतःची वेगळी तपश्चर्या मांडून बसत होती आणि बिशपांना ते खपत नव्हतं. तयारी करायची तर सगळ्यांनी मिळून, एका छपराखाली. गंमत म्हणजे या ठरावात नाताळचा उल्लेखच नाही.

पुढचं शतक गॉलचं, म्हणजे आजच्या फ्रान्सचं. तूरचे बिशप पर्पेट्युअस यांनी 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास सांगितला. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात माकों इथल्या सभेने सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे वार नेमून दिले. लोक याला संत मार्टिनचा उपासकाळ म्हणू लागले. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाचीच ही हिवाळी आवृत्ती होती आणि तिचा सूर पश्चात्तापाचा होता.

रोममध्ये वारं वेगळं होतं. तिथे प्रभूच्या येण्याची वाट पाहण्यावर भर होता, आणि पुढे रूढ झालेल्या चार रविवारांचं श्रेय परंपरेने पोप पहिले ग्रेगरी (590–604) यांना दिलं जातं. पण रोमची प्रतीक्षा म्हणजे निव्वळ आनंदीआनंद असं समजू नये. ग्रेगरींचं आगमनकाळातलं एक प्रवचन उपलब्ध आहे. त्याच सुमारास झालेल्या वादळात जुनी झाडं उन्मळून पडली, घरं कोसळली, चर्चेस पायासकट उखडली गेली, हे ते श्रोत्यांपुढे ठेवतात आणि विचारतात तो प्रश्न न्यायाच्या दिवसाचाच असतो. पहिल्या रविवारच्या वाचनाचं मूळ अशा वातावरणात आहे.

मध्ययुगात दोन्ही प्रथा एकजीव झाल्या. चार रविवार रोमचे, धर्मगुरूंची जांभळी वस्त्रं आणि उपासनेतल्या गौरवगीताला (ग्लोरिया) दिलेली सुटी मात्र प्रायश्चित्ताच्या सुराशी जुळणारी. तिसऱ्या रविवारचा गुलाबी रंग म्हणजे त्या जांभळ्यात दिलेला विसावा. मिलानच्या चर्चने आपले सहा रविवार सोडले नाहीत, ते आजही आहेत.

आत्मिक तयारी म्हणजे नेमकं काय, याचं सर्वात सुरेख उत्तर मला बाराव्या शतकातले फ्रेंच मठाधिपती, क्लेअरव्होचे बर्नार्ड यांच्याकडे सापडतं. ख्रिस्ताचं येणं तीन प्रकारचं, असं ते मठवासीयांना सांगत. एक देह धारण करून झालेलं, एक अंती वैभवात होणारं, आणि या दोहोंच्या मध्ये, कोणाला न दिसता, माणसाच्या अंतःकरणात घडणारं. आत्मिक नूतनीकरणाची आजची सगळी भाषा या मधल्या येण्याभोवती फिरते.

उपास मात्र हळूहळू सैल होत गेला. 1917 च्या कॅथलिक धर्मनियमांत आगमनकाळाचा सलग उपास राहिलाच नाही, नाताळच्या आदल्या दिवसासारखे मोजके दिवस तेवढे उरले. शरीराची शिस्त सुटली तेव्हा वाट पाहण्याला नवं साधन मिळालं होतं, तेही प्रोटेस्टंट जर्मनीतून. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे योहान हिन्रिख विचर्न यांनी 1839 मध्ये गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी छोट्या लाल. नाताळला किती दिवस राहिले या मुलांच्या रोजच्या प्रश्नाला ते उत्तर होतं. चार मेणबत्त्यांचं आजचं हिरवं चक्र याच चाकाचा वारसा सांगतं. कॅथलिक चर्चमध्ये ते विसाव्या शतकात आलं.

उपासनेच्या दिनदर्शिकेच्या 1969 च्या सुधारणेत रोमने आगमनकाळाचे दोन भाग स्पष्ट केले. 16 डिसेंबरपर्यंत लक्ष ख्रिस्ताच्या अंती होणाऱ्या दुसऱ्या आगमनाकडे, 17 पासून थेट ख्रिस्तजन्माकडे. एकूण भाव भक्तीच्या आणि आनंदाच्या प्रतीक्षेचा असावा, असंही नमूद केलं. प्रायश्चित्ताची धार त्यामुळे बोथट झाली, असं अनेकांना वाटतं, आणि ते खोटं नाही. धर्मगुरूपुढे पापं कबूल करण्याची, म्हणजे पापनिवेदनाची, रांग या दिवसांत अजूनही लांबते, पण ती नियमापेक्षा सवयीने.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने या सगळ्या बदलांकडे फारसं लक्ष दिलं नाही. तिथे 15 नोव्हेंबरपासून चाळीस दिवसांचा नाताळपूर्व उपास आजही पाळला जातो, मांस आणि दूधदुभतं वर्ज्य करून. जुनी ज्युलियन दिनदर्शिका मानणाऱ्यांकडे तो 28 नोव्हेंबरला सुरू होतो आणि 6 जानेवारीला संपतो.