इच्छामरणाचा कागद ठेवायचा कुठे?

परळचे केईएम हे मुंबई महापालिकेचे रुग्णालय. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पुढची जवळजवळ ४२ वर्षे त्या केईएममध्येच होत्या. ऐंशीच्या दशकात पालिकेने खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवायचा घाट घातला, तेव्हा परिचारिका आंदोलनाला उतरल्या आणि प्रशासनाला माघार घ्यावी लागली. इच्छामरणाच्या वादाचा इतिहास सांगताना हा प्रसंग सहसा गाळला जातो. मला तो कळीचा वाटतो. अशा रुग्णाचे वर्षानुवर्षे करायचे कोणी, हा प्रश्न न्यायालयात जाण्याच्या कितीतरी आधी पालिकेच्या गळ्यात पडला होता.

त्याच सुमारास मुंबईत या विषयाची वैचारिक बाजूही आकार घेत होती. माजी खासदार मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. प्रा. सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत यासंबंधी खासगी विधेयक आणले, ते अर्थातच बारगळले. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे भारतीय दंड संहितेचे ३०९ कलम घटनाबाह्य ठरवले. ते प्रकरणही पालिकेशी जोडलेले. बायकोला भाजीविक्रीचा परवाना मिळत नाही म्हणून खचलेल्या, मानसिक आजाराने ग्रासलेल्या एका पोलीस शिपायाने महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेरच जीव द्यायचा प्रयत्न केला होता. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ज्ञान कौर प्रकरणात ३०९ वैध ठरवले आणि जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे सांगितले.

अरुणा शानबाग यांच्या इच्छामरणासाठी पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका ७ मार्च २०११ रोजी फेटाळली गेली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने विराणींना दिला नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. कर्मचाऱ्यांना तर त्या जगायला हव्या होत्या. मात्र त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट खुली केली. शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या.

पुढचा टप्पा ९ मार्च २०१८ चा. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. आपण बरे होण्यापलीकडे गेलो आणि बोलण्याच्या स्थितीत नसलो, तर कोणते उपचार नकोत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवायचे. इंजेक्शन देऊन जीव घेणे तेव्हाही बेकायदा होते, आजही आहे. आपल्याकडे परवानगी आहे ती उपचार न देण्याची किंवा थांबवण्याची, तेवढीच.

याच निकालात स्थानिक स्वराज्य संस्था पहिल्यांदा रीतसर आल्या. लिव्हिंग विलची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीकडे जाईल आणि तिथे नेमलेला अधिकारी ती सांभाळेल, असे ठरले. जन्ममृत्यूची नोंद पालिकेकडेच असते, स्मशानेही तिचीच. त्यामुळे कल्पना तर्काला धरून होती. पण कागद घ्यायचा कोणी, नोंदवही कसली, गुप्तता कशी राखायची, याचा पत्ता नव्हता. त्यात प्रत्येक कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी होती. एवढ्या जंजाळात कोण पडणार? २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने प्रक्रिया सोपी केली: नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरे, रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. कागद सांभाळण्याचे काम मात्र स्थानिक संस्थेकडेच राहिले.

मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे लिव्हिंग विल केले, तेव्हा ते सांभाळणारा अधिकारीच नेमलेला नाही हे उघड झाले. त्यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मग महापालिकेने वॉर्डनिहाय आरोग्य अधिकाऱ्यांवर ही जबाबदारी टाकली आणि राज्य सरकारनेही राज्यभर असे अधिकारी नेमले. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात केली. मुंबईत हे घडत असताना महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते. मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता. त्यामुळे नगरसेवकांनी यावर बाजूने वा विरोधात बोलण्याचा प्रश्नच आला नाही.

गावाकडची अडचण याहून वेगळी आहे. समजा, साताऱ्याकडच्या एखाद्या आजोबांचा कागद त्यांच्या ग्रामपंचायतीकडे आहे आणि ते रविवारी रात्री पुण्यात अतिदक्षता विभागात दाखल झाले. डॉक्टरांनी कागद खरा आहे ना, याची खात्री डिजिटल आरोग्य नोंदीतून किंवा तो सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून करून घ्यायची आहे. डिजिटल नोंद ऐच्छिक आहे, आजोबांनी ती केलेली नाही. म्हणजे उरली ग्रामपंचायत, आणि ती उघडणार सोमवारी.