तीन टिकांचा तो मेसेज आणि मुलांचे कॉल

'उद्यापासून सगळे कॉल रेकॉर्ड होणार. तीन निळ्या टिक म्हणजे सरकारने मेसेज वाचला, तीन लाल म्हणजे कोर्टाचं समन्स.' हा मेसेज शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी येतोच; खाली हमखास एक जोड असते: 'मुलांना सांगून ठेवा.'

हे खोटं आहे. पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, फॅक्ट चेकने ते अनेकदा फेटाळलंय. व्हॉट्सॲपवर लाल टिक नाहीच. 2016 पासून तिथले मेसेज आणि कॉल दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. मधल्या वाटेवर कंपनीलाही ऐकता येत नाही.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. 'सरकार बघतंय' म्हटलं की पालक निर्धास्त होतात. कुणी बघत नसतं हो! बरं, हे कॉल इंटरनेटवरून होतात, त्यामुळे मोबाइलच्या बिलात कुणाला कॉल केला ते दिसत नाही. ॲपमधल्या 'कॉल्स'मध्ये दिसतात, पण तिथली नोंद मूल क्षणात पुसू शकतं. म्हणजे यादी कोरी दिसली तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

त्यापेक्षा मुलासोबत बसून सेटिंग्ज उघडा. प्रायव्हसीतल्या कॉल्समध्ये अनोळखी कॉलची रिंग बंद करता येते. कॉल यादीत तरीही दिसतो. ग्रुपमध्ये कोण ओढू शकेल, तेही प्रायव्हसीतच ठरतं. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये परका लॅपटॉप नाही ना, हेही पाहा.

कुणी फोटोवरून धमकावत असेल तर चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मदतीला मुलांची हेल्पलाइन 1098, पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.