जाडीची भीती नसलेली उपासमार

सातारा-सांगलीकडच्या दवाखान्यात अशी मुलगी येते ती पाळी थांबली म्हणून, नाहीतर पित्ताची तक्रार घेऊन. जेवण तुटलंय हे आई सांगते. बारीक व्हायचंय का, असं विचारलं तर मुलगी नाही म्हणते. अन्न जात नाही, पोट फुगतं, सोमवार धरलाय, एवढंच तिचं सांगणं.

या नकारामुळेच असं दुखणं बरीच वर्षं ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे स्वतःहून खाणं तोडून वजन फार घटवणाऱ्या मानसिक आजाराच्या, निदानात बसत नव्हतं. १८७०च्या दशकात लंडन-पॅरिसमध्ये या आजाराची वर्णनं झाली, त्यांत जाडीच्या भीतीचा उल्लेखच नाही. ती भीती मुख्य लक्षण ठरली विसाव्या शतकात आणि मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या १९८०च्या अमेरिकन निकषांत पक्की झाली. १९९३ साली हाँगकाँगमधल्या ७० रुग्णांचा अभ्यास आला. निम्म्याहून अधिक जणांत ही भीती कधी दिसलीच नव्हती. १९९५ मध्ये दिल्लीहून पाच तरुणींची नोंद झाली, त्यांच्यातही स्वतःच्या शरीराच्या आकाराबद्दल विपरीत समज नव्हता. तरी निकष बदलायला २०१३ उजाडलं. तेव्हा पाळी बंद असण्याची अट गेली आणि भीती बोलून दाखवली नाही तरी वजन वाढू न देणारं वागणं पुरेसं मानलं गेलं. हा बदल फार उशिरा झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधल्या काळात या आजाराच्या मानसिक जोखमींचे अभ्यासही बहुतेक पाश्चात्त्य मुलींवरच झाले. शरीराबद्दलची नाराजी, सतत डाएट, सगळं अचूक हवं हा हट्ट, स्वतःला कमी लेखणं, जुनी चिंता हे घटक त्यातून पुढे आले. मात्र १९४४-४५ मध्ये अमेरिकेत ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा तेही उदास, चिडचिडे झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. म्हणजे आजारात दिसणारा प्रत्येक स्वभाव आजाराआधीचाच असेल असं नाही.

आपल्याकडे सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बाईचं कौतुक होतं आणि उपास मोडायला कुणी सांगत नाही. अशा घरात हट्टाने कमी जेवणारी अभ्यासू मुलगी गुणीच वाटते. आता त्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलींचा अर्धा डबा, भरतीच्या मैदानावरची धावपळ आणि मोबाइलमधले चेहरे यांची भर पडली आहे. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही जाडीच्या भीतीची अट नाही. तरी तपासणीच्या बहुतेक प्रश्नावल्या अजून वजन आणि आकारावरच भर देतात. उपास किती दिवस चाललाय आणि तो सोडताना ताटात काय असतं, हे त्यांतून कळत नाही.