ब्राझीलचे औद्योगिकीकरण व राजकारण (१९३०–६४)

ब्राझीलमध्ये १९३० ची क्रांती आणि १९६४ चा लष्करी उठाव यांच्या दरम्यान राज्यसंस्थेच्या पुढाकाराने झालेले औद्योगिकीकरण व त्याच्याशी निगडित राजकीय संघर्ष यांचा विचार या नोंदीत केला आहे. १९२९ च्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले आणि साओ पाउलो व मिनास झेराइस या राज्यांतील जमीनदारांच्या हाती असलेली सत्ता डळमळली. १९३० मध्ये सत्तेवर आलेल्या झेतुल्यू व्हार्गस यांच्या सरकारने अतिरिक्त कॉफी विकत घेऊन तिचे प्रचंड साठे जाळले. हा उपाय वरकरणी उधळपट्टीचा वाटतो. परंतु त्यामुळे मळेवाल्यांचे उत्पन्न आणि देशांतर्गत मागणी टिकून राहिली. परकीय चलनाच्या टंचाईने आयात माल महागला असल्याने ही मागणी साओ पाउलोच्या कापडगिरण्या व कारखान्यांकडे वळली.

१९३७ मध्ये व्हार्गस यांनी ‘एस्तादू नोव्हू’ ही हुकूमशाही राजवट प्रस्थापित केली. पोलादाचा कारखाना उभारण्यासाठी त्यांनी जर्मनी व अमेरिका यांच्यातील स्पर्धेचा कौशल्याने लाभ उठवला आणि १९४० मध्ये अमेरिकेकडून २ कोटी डॉलरचे कर्ज मिळवले. त्यातून रिओ दी जानेरो राज्यातील व्होल्ता रेदोंदा येथे उभ्या राहिलेल्या सरकारी कारखान्याचे उत्पादन १९४६ मध्ये सुरू झाले. त्यासाठी लोहखनिज मिनास झेराइसमधून, तर कोळसा दक्षिणेकडील सांता कातारीनामधून येई. १९४३ च्या कामगार संहितेने किमान वेतन, रजा इत्यादी हक्क एकत्र आणले. मात्र कामगार संघटना सरकारच्या नियंत्रणाखाली ठेवल्या आणि शेतमजुरांना बव्हंशी वगळले. या वगळण्याचे परिणाम पुढे फार दूरवर पोचले.

लष्कराने १९४५ मध्ये पदच्युत केलेले व्हार्गस १९५० ची निवडणूक जिंकून परतले. ‘तेल आमचे आहे’ या लोकचळवळीच्या पार्श्वभूमीवर १९५३ मध्ये सरकारी मक्तेदारी असलेली पेत्रोब्रास ही तेलकंपनी स्थापन झाली. पुढील वर्षी किमान वेतन दुप्पट करण्यात आल्याने विरोध तीव्र झाला. विरोधी नेते कार्लूस लासेर्दा यांच्यावरील हल्ल्यात हवाई दलाचा एक अधिकारी मारला गेला, लष्कराने राजीनाम्याची मागणी केली आणि २४ ऑगस्ट १९५४ रोजी व्हार्गस यांनी अध्यक्षीय प्रासादात आत्महत्या केली.

‘पाच वर्षांत पन्नास वर्षांची प्रगती’ अशी घोषणा देणारे अध्यक्ष जुसेलिनू कुबिचेक (१९५६–६१) यांनी परकीय भांडवलाला दारे उघडली, पण अटींसह. मोटार कंपन्यांना सवलती हव्या असतील, तर अल्पावधीतच वाहनाच्या वजनाच्या ९० टक्क्यांहून अधिक भाग देशातच बनवणे त्यांना बंधनकारक होते. साओ पाउलोलगतच्या साओ बेर्नार्दू येथील मोटारउद्योग या धोरणातून वाढला. २१ एप्रिल १९६० रोजी ब्राझिलिया ही नवी राजधानी झाली. या खर्चाचा मोठा भाग नोटा छापून भागवण्यात आल्याने महागाई भडकली.

१९६१ मध्ये नवे अध्यक्ष जानियू क्वाद्रूस यांनी सात महिन्यांतच राजीनामा दिला. उपाध्यक्षाची निवडणूक स्वतंत्रपणे होत असल्याने विरोधी गोटातील जुआंव गुलार हे त्यांचे उत्तराधिकारी ठरले. लष्कराच्या हरकतीमुळे त्यांना प्रथम संसदीय पद्धतीत मर्यादित अधिकार मिळाले. १९६३ च्या सार्वमताने पूर्ण अधिकार परत आले. जमीनसुधारणा आणि निरक्षरांना मताधिकार हे त्यांच्या कार्यक्रमातील सर्वांत वादग्रस्त मुद्दे होते. कारखानदार व संघटित कामगार यांना काही काळ एकत्र ठेवणारी व्हार्गसप्रणीत तडजोड ग्रामीण मालमत्तेपाशी येऊन मोडली. १३ मार्च १९६४ च्या रिओमधील सभेत गुलार यांनी महामार्ग व लोहमार्गांलगतच्या मोठ्या पडीक जमिनी संपादन करण्याचा आदेश जाहीर केला. ३१ मार्चला त्यांच्याविरुद्ध मिनास झेराइसमधून सैन्य निघाले. गुलार उरुग्वेला गेले आणि ११ एप्रिलला संसदेने जनरल कास्तेलू ब्रांकू यांची अध्यक्षपदी निवड केली.