धर्म, श्रद्धा आणि चित्रदालन : पार्श्वभूमी

धर्म आणि श्रद्धा या विषयावर दहा-बारा समकालीन कलावंतांचे समूह प्रदर्शन भरवायचे म्हटले की पुण्यात आज पहिला प्रश्न निघतो तो ‘कुणी तक्रार केली तर?’ हा. चित्रे कशी आहेत, ते त्यानंतर. ही धास्ती फार जुनी नाही. तिचा बहुतेक सगळा इतिहास १९९६ नंतरचा आहे.

त्याआधी शंभरेक वर्षे देवाचे चित्र हा बाजारातला उघड माल होता. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा हा छापखाना निघाला आणि रामपंचायतनाची छापील चित्रे घराघरांत पोचली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. पेठांतल्या एखाद्या जुन्या वाड्यात अशी तसबीर अजून सापडते. काचेवर, नेमके रामाच्या कपाळापाशी, कुंकवाचे बोट उमटलेले असते; थरावर थर बसून तो ठिपका काळपट झालेला. आतल्या कागदाला वाळवी लागली तरी तेवढी जागा पुसायला कुणी धजावत नाही. दुकानात मात्र याच चित्राचा भाव केला गेला होता आणि त्यात कुणाला गैर वाटले नव्हते. शाडूच्या मूर्तीचेही तेच. प्राणप्रतिष्ठेआधी ती फळीवर ओळीने उभी असते, मूर्तिकार एका हाताने तिचा कान नीट करतो आणि दुसऱ्या हाताने फोन घेतो.

सार्वजनिक गणेशोत्सवाबद्दल पुणेकरांना सांगण्यासारखे काही नाही. तो सुरू केल्याचे श्रेय कुणाचे, हा वाद तर सोडूनच देऊ. इथे महत्त्वाचे आहेत ते देखावे. मंडपात गणपतीच्या शेजारी हुंडा, महागाई, भ्रष्टाचार, हलते पुतळे आणि ध्वनिफीत, असे सगळे आम्ही लहानपणापासून रांगा लावून पाहत आलो. कलामहाविद्यालयांत ‘इन्स्टॉलेशन’ (वस्तू मांडून उभी केलेली कलाकृती) हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. समकालीन कला पुण्याला परकी आहे म्हणणाऱ्यांनी लक्ष्मी रोडवरची एक रात्र आठवावी.

दालनातल्या चित्रकलेवर पोलिसांची नजर पडली ती आधी अश्लीलतेच्या अंगाने. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात एका तरुण चित्रकाराच्या नग्न जोडप्याच्या चित्रांवरून खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्याजवळ देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. कलेच्या इतिहासात या घटनेची दखल क्वचितच घेतली जाते. पण नाकारलेले देव आणि निवडलेली मूर्ती हा विषय पुढे दलित चित्रकारांच्या कामात वारंवार येतो, त्याची एक मुळी तिथे आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर देशभरातल्या अनेक कलावंतांनी कॅनव्हास बाजूला ठेवून सापडलेल्या वस्तू, छायाचित्रे आणि बातम्यांची कात्रणे हाताळायला घेतली. आज ‘श्रद्धा’ या नावाखाली जे मांडले जाते, त्याची भाषा तिथून आली. (वारीचे कृष्णधवल फोटो हा वेगळा प्रकार. ते नसलेले असे प्रदर्शन पुण्यात विरळाच.)

मग १९९६. मकबूल फिदा हुसेन यांचे सत्तरच्या दशकातले सरस्वतीचे एक रेखाचित्र भोपाळच्या एका हिंदी मासिकाने छापले आणि वीस वर्षे कुणाला न खुपलेले चित्र अचानक गुन्हा ठरले. चित्रकार पंढरपुरात जन्मलेला, हे आपल्याकडे फारसे आठवले गेले नाही. गावोगावी तक्रारी झाल्या. २००६ मध्ये त्याने देश सोडला, २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. दरम्यान मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. कलावंतांच्या बैठकांत हा निकाल ढाल म्हणून पुढे केला जातो, पण त्यावर फार विसंबू नये. तो मुख्यत्वे अश्लीलतेच्या कसोटीवर लिहिला आहे. धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार आली की प्रश्न वेगळ्या कलमाचा होतो.

ते कलम म्हणजे भारतीय दंड संहितेचे २९५ अ, जे जून २०२४ पर्यंत लागू होते. लाहोरात छापलेल्या एका पुस्तिकेवरून वाद पेटला, प्रकाशक सुटला आणि १९२७ मध्ये हे कलम घातले गेले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते घटनात्मक ठरवले. सगळा गुंता याच निकालात आहे. न्यायालय म्हणाले की धर्माचा प्रत्येक अपमान या कलमात बसत नाही. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेलाच बसतो. कलावंतांना हे वाक्य पाठ असते. पण ज्याने कलमाला आव्हान दिले होते तो गोरक्षणासाठी निघणाऱ्या मासिकाचा संपादक हरला होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. शिवाय हेतू तपासायचा तो न्यायालयात, आणि तोही पुढे कधीतरी. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. सरकारची पूर्वपरवानगी लागते, पण ती न्यायालयाने दखल घेण्यासाठी, अटकेसाठी नव्हे. म्हणजे संरक्षण आहे, पण ते चौकीच्या नंतरच्या टप्प्यावर बसवलेले आहे. १९५७ च्या निकालाने अभिव्यक्तीला जागा दिली असे मानणारे आणि त्यानेच तक्रारदारांना रस्ता दाखवला असे मानणारे, दोघेही तोच परिच्छेद वाचून दाखवतात. पुढे काय घडले ते पाहता दुसऱ्या गटाचे पारडे जड वाटते.

मे २००७ मध्ये बडोद्यात ललितकला शाखेतल्या परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांच्या नाटकाचा प्रयोग बंद पाडला गेला. विषय होता रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गोष्टी. विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. नाटक असो की चित्र, पुण्यातल्या छोट्या आयोजकांनी यातून काय घ्यायचे ते घेतले.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा या चर्चेत हमखास ओढला जातो. ऑगस्टमध्ये ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आधी वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा, हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. तो अघोरी कृत्यांबद्दल आहे. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना त्यात स्पष्ट सूट आहे. चित्रांशी त्याचा संबंध नाही.

१ जुलै २०२४ पासून २९५ अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ आले. दुष्ट हेतूची अट तीच, शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत. भर पडली ती ‘इलेक्ट्रॉनिक माध्यमातून’ या शब्दांची. त्यामुळे दालनात लावलेल्या कामाइतकीच त्याची इन्स्टाग्रामवर टाकलेली पोस्टही आता या कलमात नाव घेऊन बसते, आणि ती पाहायला बालगंधर्वच्या कलादालनापर्यंत यावे लागत नाही.